दूरदर्शनची ‘पोहोच’: एका शब्दाने केलेला घोळ

दूरदर्शनच्या इतिहासावरचा कुठलाही लेख उघडा, पहिला परिच्छेद जवळजवळ पाठ असल्यासारखा येतो. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण, १९६५ पासून रोजचं, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र, १९७६ मध्ये आकाशवाणीपासून फारकत, १९८२ मध्ये आशियाई खेळ आणि रंगीत चित्र. मग ‘हमलोग’, ‘रामायण’, ‘महाभारत’. मग १९९१ चं आखाती युद्ध, केबल आणि उतरती कळा. तारखा बरोबर आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते या तारखांच्या मधे हमखास येणाऱ्या एका वाक्याशी: ‘तोपर्यंत दूरदर्शन देशातल्या इतक्या टक्के लोकांपर्यंत पोहोचलं होतं.’

पोहोचलं म्हणजे नक्की काय झालं?

माध्यमांवर पीएचडी करू पाहणाऱ्या दोन-तीन जणांचे सिनॉप्सिस मी अलीकडे वाचले. तिघांच्याही लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे वाक्य होतं, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता. माझा विषय विज्ञानातला. मोजमाप कसं केलं हे विचारल्याशिवाय आकडा पुढे न्यायचा नाही, ही आमच्याकडची सवय. ती सवय घेऊन दूरदर्शनवरचं लेखन वाचलं की बऱ्याच ठिकाणी अडखळायला होतं. या पोस्टमध्ये तेच लिहिते आहे.

दूरदर्शनची ‘पोहोच’ ही मुळात इंजिनिअरची संख्या आहे. ट्रान्समीटरची ताकद किती, मनोरा किती उंच, यावरून सिग्नल किती अंतरापर्यंत पुरेसा मिळेल हे ठरतं. त्या क्षेत्रात जनगणनेनुसार किती माणसं राहतात ते मोजायचं आणि देशाच्या लोकसंख्येने भागायचं. झाली टक्केवारी. त्या क्षेत्रातल्या माणसाकडे टीव्ही आहे का, गावात वीज आहे का, वीज असली तर संध्याकाळी असते का, यातलं काहीही या भागाकारात येत नाही. सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे १९७३ पासून पुण्यात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. पण गावात सिग्नल पडणं आणि गावातल्या माणसाने कार्यक्रम बघणं यांत कितीतरी पायऱ्या आहेत. शिवाय आपल्या सह्याद्रीत डोंगराआडच्या वाडीला नकाशावरचं वर्तुळ काही कामाचं नसतं.

फरक किती मोठा असू शकतो, ते एकाच तुलनेत बघा. २००१ च्या सुमारास दूरदर्शनची जमिनीवरच्या ट्रान्समीटरमधून असलेली ‘पोहोच’ लोकसंख्येच्या जवळपास ९० टक्के सांगितली जात होती. त्याच २००१ च्या जनगणनेत घरात टीव्ही आहे का हा प्रश्न होता. देशभरात ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता. शहरी भागात ६४.३ टक्के, ग्रामीण भागात फक्त १८.९ टक्के. म्हणजे दूरदर्शन सुरू होऊन ४२ वर्षं झाल्यावरही खेड्यातल्या पाचांपैकी चार घरांत टीव्ही नव्हता. शेजाऱ्याकडे, चावडीवर, शाळेत जाऊन बघणारे होतेच, पण ते किती होते हे ९० मधूनही कळत नाही आणि १८.९ मधूनही कळत नाही.

आता हा घोळ नुसता इतिहासकारांचा आळस आहे असं मला वाटत नाही. हा आकडा सरकारच्या सोयीचा होता. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि त्याच सुमारास देशाची ७० टक्के लोकसंख्या टीव्हीच्या कक्षेत आणायची योजना ठरली. १९८४ मध्ये कमी ताकदीचे ट्रान्समीटर अशा वेगाने बसवले की काही महिने दिवसाला एक असा हिशेब सांगितला जातो. वर्षअखेरीला लोकसभेची निवडणूक होती, हे जवळजवळ सगळे अभ्यासक नोंदवतात. अशा वेळी प्रगती कशात मोजायची? ट्रान्समीटर मोजणं सोपं, फीत कापणंही सोपं. प्रेक्षक मोजायला खेड्यात माणसं पाठवावी लागतात, आणि ती परत येऊन काय सांगतील याचा भरवसा नसतो.

आणि गंमत म्हणजे, अशी माणसं त्याआधी पाठवून झाली होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर एक वर्ष ‘साइट’ हा प्रयोग चालला. पूर्ण नाव सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्पेरिमेंट. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले गेले. प्रत्येक संचाला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री. महाराष्ट्र यात नव्हता, पण प्रकल्पाची धुरा सांभाळणारे इस्रोचे एकनाथ चिटणीस मराठी होते. कल्पना विक्रम साराभाईंची, प्रयोग त्यांच्या निधनानंतरचा.

साइटबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं बहुतेक सगळं उपग्रहाबद्दल असतं. छत्री बैलगाडीतून नेली वगैरे. ते रोमांचक आहे, मान्य. पण संशोधनाला बसणाऱ्याने साइट वाचायचा तो वेगळ्या कारणासाठी. भारतात टीव्हीकडे ‘याने फायदा होतो का ते तपासून बघू’ अशा नजरेने मोठ्या प्रमाणावर पाहिलं गेलं ते इथे. टीव्ही आलेल्या गावांसोबत टीव्ही नसलेली तुलनेची गावं घेतली. प्रसारणाच्या आधी, मधे आणि नंतर पाहणी केली. त्याखेरीज काही तरुण संशोधक प्रत्येकी एका गावात मुक्काम ठोकून राहिले आणि टीव्हीसमोर कोण बसतं, कोण उठून जातं, बायका कुठे उभ्या राहतात, हे टिपत राहिले. सामाजिक मूल्यमापनाच्या या कामात बिनोद अगरवाल हे मानववंशशास्त्रज्ञ अग्रभागी होते. प्रश्नावली आणि मुक्काम, दोन्ही एकाच प्रयोगात. आजही ‘मिक्स्ड मेथड्स’ असं मथळ्यात लिहून आत नुसता गूगल फॉर्म असलेले प्रबंध येतात, म्हणून हे जरा ठासून सांगते.

निष्कर्ष काय आले? सुरुवातीला झुंबड, मग नवलाई ओसरली, आणि संचामागे रोजचे साधारण शंभर प्रेक्षक यावर गर्दी स्थिरावली. आरोग्य, स्वच्छता, कुटुंब नियोजन याबद्दलची माहिती काही प्रमाणात वाढली, आणि ती निरक्षरांत आणि बायकांत तुलनेने जास्त वाढली. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण छापील माध्यमांच्या बाबतीत हे सहसा उलटं होतं: ज्याला आधीच येतं त्यालाच आणखी मिळतं. शेतीत मात्र नव्या पद्धती उचलल्या गेल्याचं फारसं दिसलं नाही. कारणं साधी होती. टीव्हीने बियाणं सांगितलं तरी ते तालुक्याला मिळायला हवं ना! शिवाय बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्हींना मिळून एकच हिंदी. राजस्थानातल्या खेड्यातली बोली आणि दिल्लीच्या स्टुडिओतली हिंदी यांत किती अंतर आहे ते सांगायला नको. आंध्र आणि कर्नाटकाची तर आणखी तऱ्हा. चित्र एकच, आवाज दोन. उपग्रहावर एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या होत्या, त्यामुळे तेच दृश्य एकीकडे तेलुगूत आणि दुसरीकडे कन्नडमध्ये ऐकू जायचं.

साइटच्या मूल्यमापनावरही टीका करायला जागा आहे, आणि ती करायलाच हवी. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. वीज, रस्ता, दुरुस्तीची गाडी वेळेत जाईल का, असा विचार करून जिल्ह्यांचे पुंजके घेतले होते. काही गावांत संच बॅटरीवर चालवले, पण एकूण कल सोयीच्या गावांकडे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्या वर्षी कुटुंब नियोजनाची माहिती खेड्यात फक्त टीव्हीतून येत नव्हती, ती जीपमधूनही येत होती. तुम्ही म्हणाल, तुलनेच्या गावांतही आणीबाणी होतीच की, मग फरक काढताना ती वजा होईल. होईल, पण आणीबाणीचा दट्ट्या दोन्हीकडे सारखा होता असं धरलं तरच. ज्या गावात सरकारने संच बसवला आहे, ज्या गावात अधिकाऱ्यांची ये-जा आहे, तिथे तो सारखाच होता का? शिवाय ज्या संचावर दिवसा शाळेचे कार्यक्रम त्याच संचावर संध्याकाळी दिल्लीच्या बातम्या. तेव्हाच्या दिल्लीच्या बातम्या कशा होत्या हे माहीत आहेच. साइटला निव्वळ शिक्षणाचा प्रयोग म्हणणारे लेख हा अर्धा तास गाळून टाकतात.

इतकं असूनही साइट टीका सहन करू शकतो, कारण त्याने काय केलं ते लिहून ठेवलं. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज इथल्या छोट्या ट्रान्समीटरवरून स्थानिक कार्यक्रम सुरू झाले. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता असे विषय तिथल्याच लोकांना घेऊन हाताळले गेले. त्या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला १९८४ मध्ये. पिजचं प्रसारण बंद झालं १९८५ मध्ये. या दोन सालांमधलं अंतर बघा आणि त्याच काळात उभ्या राहिलेल्या ट्रान्समीटरांची संख्या आठवा.

त्या नव्या ट्रान्समीटरांपैकी बहुतेकांजवळ स्टुडिओच नव्हता. ते दिल्लीहून आलेलं पुढे ढकलायचे. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. मुंबई केंद्राने त्याआधीच्या दशकात ‘आमची माती आमची माणसं’ आणि आकाशानंदांचं ‘ज्ञानदीप’ असे कार्यक्रम केले होते. ‘ज्ञानदीप’भोवती तर गावोगावी प्रेक्षकांची मंडळं उभी राहिली होती. या मंडळांत कोण होतं, ती काय करायची, कधी बंद पडली, यावर नीट अभ्यास झाला तर मला तो वाचायला आवडेल. मराठीत दूरदर्शनच्या आठवणींना तोटा नाही. निवेदिकांच्या साड्या, साप्ताहिकी, रविवारचा सिनेमा, सगळं आहे. या आठवणी लिहिणारे बहुतेक मुंबई-पुण्याच्या त्या घरांतले, जिथे तेव्हा संच होता. आठवणींचा नमुनाही निवडक असतो, हे विसरून त्यांचा इतिहास करायचा नाही.

‘हमलोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, १५६ भाग चालली. मेक्सिकोतल्या मिगेल साबिदोच्या मालिकांवरून प्रेरणा घेऊन, कुटुंब नियोजन आणि स्त्रियांचा दर्जा हे विषय कथेत गुंफायचे असा बेत होता. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी तिचा अभ्यास केला, तो जगभर शिकवला जातो. प्रेक्षकांची चार लाख पत्रं आली होती. मालिका संपल्यावर अकराशेच्या वर प्रौढांची पाहणी झाली. सगळ्यात बोलका निष्कर्ष असा की सोसत राहणारी आई, भागवंती, जिच्याकडे बघून ‘असं जगू नये’ हे कळावं असा बेत होता, तीच अनेकींना आदर्श वाटली. हे शोधून काढलं याबद्दल अभ्यासकांना पूर्ण श्रेय. पण पाहणी मालिकेनंतरची आहे, आधीची मोजणी नाही. ज्याला स्त्रियांचे प्रश्न आधीपासून जवळचे वाटतात तो मालिका जास्त बघेल, की मालिका बघून ते प्रश्न जवळचे वाटतील? एकाच वेळच्या पाहणीतून हे सुटत नाही. आणि पत्रं चार लाख असोत की चाळीस लाख, पत्र लिहिणारा हा पत्र लिहिणारा माणूस असतो.

आता ‘रामायण’. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, ७८ भाग. त्याबद्दलचं प्रसिद्ध विधान तुम्हाला माहीत असेल: मालिकेमुळे भाजप १९८४ च्या २ जागांवरून १९८९ मध्ये ८५ वर गेला. यासाठी अरविंद राजगोपाल यांच्या २००१ च्या ‘पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन’चा हवाला दिला जातो. हे पुस्तक हातात घेऊन वाचा, ही माझी कळकळीची विनंती. राजगोपाल इतकं सपाट काही म्हणत नाहीत. टीव्हीने राजकारण जिथे घडतं ती भूमीच बदलली, वेगवेगळ्या भाषांत आणि वर्गांत विभागलेल्या लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट दाखवली आणि चळवळीने त्याचा उपयोग करून घेतला, असा त्यांचा गुंतागुंतीचा मुद्दा आहे. तो उद्धृत होता होता ‘मालिका आली, जागा वाढल्या’ इतका आक्रसतो. २ आणि ८५ च्या मधे बोफोर्स आहे, शाहबानो आहे, १९८९ चं जागावाटप आहे. अयोध्येतलं कुलूप १ फेब्रुवारी १९८६ ला उघडलं गेलं, म्हणजे मालिकेच्या आधी जवळजवळ वर्षभर. कार्य कारणाच्या आधी येत नाही, हे तरी किमान तपासायला हवं.

मग मालिकेचा परिणाम नव्हताच का? तसंही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने अर्थशास्त्रज्ञांचा एक वर्किंग पेपर प्रसिद्ध केला. त्यांनी नेमका तो इंजिनिअरचा आकडा वापरला, सिग्नलची ताकद. मधे डोंगर आल्यामुळे ज्या भागात सिग्नल क्षीण होता आणि जिथे तो चांगला होता, त्यांची मालिकेआधीची आणि नंतरची तुलना केली. चांगला सिग्नल असलेल्या भागांत मुलग्यांची प्रचलित हिंदू नावं वाढली, खाण्यापिण्यातलं सोवळं वाढलं, काही वर्षं जातीय हिंसा वाढली, आणि विधानसभा निवडणुकांत भाजपच्या विजयाची शक्यताही वाढली, असं त्यांना दिसलं.

मला हा पेपर आवडला, आणि कारण जरा उलटं आहे. मी वर ज्या आकड्याला नावं ठेवली तोच इथे कामाला आला. सिग्नल म्हणजे प्रेक्षक नव्हे, हे खरंच. पण संच विकत घेणं माणसाच्या पैशावर आणि आवडीवर अवलंबून असतं, डोंगर कुठे आहे हे त्याच्या हातात नसतं. म्हणून कार्यकारण शोधायला सिग्नल संचापेक्षा बरा. आकडा तोच, प्रश्न बदलला की त्याची लायकी बदलते. एक शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्या लहरींवरून ‘रामायण’ आलं त्याच लहरींवरून बातम्या आल्या, आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ही आलं. लेखकांनी मालिकेचा आशय वेगळा काढण्यासाठी जास्तीच्या कसोट्या लावल्या आहेत. तरीही मोजलेल्या परिणामातला ‘रामायणा’चा वाटा किती आणि दूरदर्शन नावाच्या सगळ्या गाठोड्याचा किती, हे पूर्ण सुटतं असं मला वाटत नाही. तुमच्यापैकी कोणाला सांख्यिकीची आवड असेल तर इथे घुसायला जागा आहे.

त्या काळी ‘रामायण’ किती जण बघत होते, याचे ८ कोटी, १० कोटी असे आकडे फिरतात. देशात तेव्हा एकूण संच दीड कोटीच्या आतबाहेर. ८ कोटी म्हणजे संचामागे पाच-सहा माणसं, आणि देशातला जवळपास प्रत्येक संच चालू. अशक्य नाही, एका खोलीत पंधरा जण बसायचेच. पण हा भागाकार करून न बघता आकडा उतरवून घेणं मला पटत नाही.

लॉकडाऊनमध्ये, २८ मार्च २०२० पासून, मालिका पुन्हा दाखवली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शनने जाहीर केलं. लगेच काही पत्रकारांनी दाखवून दिलं की १९८३ मध्ये अमेरिकेत ‘मॅश’चा शेवटचा भाग साडेदहा कोटींच्या वर लोकांनी पाहिला होता. वाद तिथेच थांबला, आणि मला तो चुकीच्या जागी थांबला असं वाटतं. ७.७ कोटी माणसं कोणी मोजली नव्हती. २०२० मध्ये देशभरातल्या चाळीस-पंचेचाळीस हजार घरांत मीटर बसवलेले होते, त्यावरून हा अंदाज काढला होता. अंदाज काढणं गैर नाही, सगळं सर्वेक्षण असंच चालतं. पण अंदाजाला मागेपुढे किती वाव आहे हे न सांगता विक्रम कसा ठरवणार? त्यात सगळा देश घरात कोंडलेला, नव्या मालिकांचं चित्रीकरण बंद.

आणि हे जुन्या काळातलं राहिलेलं नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची डीटीएच सेवा, आजची डीडी फ्री डिश, चार कोटींहून जास्त घरांत आहे असं सांगितलं जातं. तिला महिन्याची वर्गणी नाही. छत्री आणि डबा बाजारातून आणायचा, बसवायचा, झालं. त्यामुळे ग्राहकांची यादीच तयार होत नाही, आणि घरांचा आकडा अंदाजावरच राहतो. याच सेवेवरच्या जागा प्रसार भारती खासगी वाहिन्यांना लिलावात विकते. घरं जास्त तितकी बोली चढी. १९८४ मध्ये पोहोचीचा आकडा निवडणुकीच्या वर्षात फिरत होता, आता तो लिलावाच्या कागदांत फिरतो.